विनातिकीट

त्या शहरात नुसतं बसायलाही पैसे पडतात, हे कंडक्टरिणीला पहिल्या दिवशी दुपारीच कळलं. चौकात पंचवीस-तीस खुर्च्या मांडलेल्या, त्यांतल्या जेमतेम दोन भरलेल्या, आणि वन्संच्या गुडघ्यांनी सकाळपासून तीनदा राजीनामा दिलेला. म्हणून दोघी कडेच्या खुर्च्यांवर टेकल्या. धड बसल्याही नव्हत्या, तोच वेटर आला आणि हसून म्हणाला, की खुर्च्या फक्त गिऱ्हाइकांसाठी आहेत. हसून म्हणाला, हेच तिला जास्त झोंबलं. आयुष्यभर तिने लोकांना ‘पुढे सरका, जागा द्या’ सांगितलं होतं. रिकाम्या जागेवरून माणूस उठवल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं.

ती सहा महिन्यांपूर्वी बसच्या नोकरीतून निवृत्त झाली होती. सत्तावीस वर्षं खांद्याला चामड्याची पिशवी, आणि एका दिवसाच्या रोकडीतही पैसा कमी आलेला नाही. डेपोत नव्याने लागलेल्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगितली जायची. वन्सं म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. एका वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. हिच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, आवाजाने अगदी मऊ. पण त्या मऊ आवाजात टोमणा असा मारायच्या, की तो टोमणा होता हे समोरच्याला घरी गेल्यावर कळावं.

शहर बघायची हौस कंडक्टरिणीची. वन्संना शहराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना दीपगृह बघायचं होतं, तेही पाण्यातून. त्यांचा नवरा मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात होता, वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी. घरी आला की सांगायचा, बंदरात शिरताना तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह लागतं, ते दिसलं की मी हातातली पळी खाली ठेवतो आणि म्हणतो, आलं घर. खरं तर तिथून घर आगगाडीने एका रात्रीच्या वाटेवर होतं. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बंदरातून एक बोट निघते, दीपगृहाला वळसा घालून दीड तासात परत येते, असं वन्संना कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांनी पगारातून थोडं थोडं बाजूला टाकलं. ते ‘बोटीचे पैसे’ कमरेच्या बटणाच्या पिशवीत होते. उपाशी राहावं लागलं तरी त्या पिशवीला हात लावायचा नाही, असं घरून निघतानाच ठरलं होतं.

बाकीचं सगळं काटकसरीत बसवायचं होतं. निवृत्तीचे पैसे छपराच्या दुरुस्तीत गेले होते. कंडक्टरिणीने वहीत शहराचे टप्पे पाडले, बसच्या मार्गाचे पाडतात तसे: कुठून निघायचं, कुठे थांबायचं, कुठे काय फुकट आहे. पण शहर काही तिच्या वहीप्रमाणे वागेना. राहायला एका इमारतीच्या तळघरात आठ खाटांची खोली मिळाली. भाड्यात फक्त खाट. टॉवेलचे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे, सामानाच्या कपाटाचे वेगळे. वन्सं म्हणाल्या, उशी भाड्यात धरलीय ना तेवढं विचारून घे, नाहीतर सकाळी डोक्याचं वजन करून पैसे मागतील.

बागेतल्या बाकांना मधोमध लोखंडी दांडे ठोकलेले होते, दमलेल्या माणसाने आडवं होऊ नये म्हणून. शौचालयाच्या दाराला नाणं टाकायची फट होती. तहान लागली तर नळ नव्हता, दुकान होतं. कंडक्टरीण प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबून बघायची आणि तिचा राग एकेक पायरी वर चढायचा. हे शहर बांधणाऱ्यांना गुडघे नव्हते का, त्यांना कधी लघवीला लागत नव्हतं का, असं ती चालता चालता विचारत राहिली, आणि वन्सं तिला हळू बोलायला सांगत राहिल्या.

तरी फुकट म्हणून जे होतं ते त्यांनी सोडलं नाही. संग्रहालय शेवटचा एक तास सगळ्यांना खुलं असायचं, तर त्या अर्धा तास आधीपासून दाराशी उभ्या. आत शिरल्या त्या थेट तिसऱ्या मजल्यावर, कारण माणसं खालून बघत बघत वर येतात आणि वरची जागा रिकामी राहते, हे तिला दुमजली बसमुळे पाठ होतं. वाचनालयाच्या दालनात हवा उबदार आणि खुर्च्यांना गाद्या होत्या. तिथे वन्संनी एक जाडजूड पुस्तक उघडून अर्धा तास डुलकी काढली, पानं मात्र मधूनमधून उलटत होत्या. फुलबाजार उठताना देठ मोडलेली फुलं पायाखाली पडली होती. त्यातलं एक वन्संनी उचललं, स्वेटरच्या काजात खोचलं आणि दिवसभर मिरवलं.

या सगळ्याचा आधार होता तो ट्रामचा पास. तीन दिवसांचा, दोघींचा मिळून एक, जाड कागदाचा, एका टोकाला काळ्या रेघा असलेला. ट्राममध्ये चढलं की दाराशी असलेल्या यंत्रासमोर त्या रेघा धरायच्या, यंत्र हिरवा डोळा मिचकावायचं. पहिल्या दिवशी पास वन्संच्या पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वन्संच्या हातात पावाची पुडी होती, म्हणून तो कंडक्टरिणीच्या हातात आला.

आता तिची एक सवय. तिच्या मार्गावर उतरणाऱ्या माणसाचं तिकीट हातात घेऊन फाडायची पद्धत होती, म्हणजे तेच तिकीट पुढच्या फेरीला दुसऱ्या कुणी चालवू नये. इतकी वर्षं हे केल्यावर ती स्वतः प्रवासी म्हणून बसली तरी पायरी उतरता उतरता आपलं तिकीट फाडायची आणि तुकडे खिशात टाकायची. रस्त्यावर कचरा करायचा नाही, म्हणून. त्या संध्याकाळी पाय जमिनीला लागले आणि बोटांनी आपलं काम केलं. टर्र असा आवाज झाला. ट्राम निघून गेली, आणि कंडक्टरीण आपल्या दोन हातांतल्या दोन तुकड्यांकडे बघत उभी राहिली. एक दिवस अजून शिल्लक होता त्या पासचा.

वन्संनी पावाची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाल्या, “पगार बंद झाला, हात मात्र अजून कामावर आहेत.”

सकाळी उठल्यावर डोळे मिटून शांत बसायचं, ते झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही आणि तोंडातून शब्द नाही, हा वन्संचा रोजचा नेम. तळघरातल्या खाटेवरही तो चुकला नव्हता. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टरिणीला आपली सगळी बाजू मिटलेल्या डोळ्यांपुढे मांडावी लागली. दोन्ही तुकडे आहेत. नंबर जुळतोय. तारीख वाचता येतेय. आपण पैसे भरलेत. फाटकी नोटसुद्धा बँक बदलून देते. वन्सं जराही हलल्या नाहीत. नेम पुरा झाल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की दोन साधी तिकिटं काढ आणि विषय संपव. पण कंडक्टरिणीला ते पटेना. भरलेले पैसे पुन्हा का भरायचे? पास बदलून देणारी खिडकी थेट बंदराच्या शेवटच्या थांब्यावर होती. तिथपर्यंत जायचं, वाटेत कुणी विचारलं तर तुकडे दाखवायचे. बघणारं माणूस असेल तर बघेल.

घोडं नेमकं तिथेच अडलं. त्या ट्राममध्ये बघणारं माणूसच नव्हतं. चालक काचेआड, काचेवर त्याच्याशी बोलू नये अशी पाटी. कंडक्टर नावाचा प्राणी तर त्या शहरातून कधीच नाहीसा झालेला. तिने तुकडे जोडून यंत्रासमोर धरले, यंत्राने लाल डोळा केला. पुन्हा धरले, पुन्हा लाल. यंत्राला काय सांगणार? मग ती दाराजवळच्याच बाकावर बसली, तळहातावर दोन्ही तुकडे जोडून ठेवलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे.

चौथ्या थांब्यावर दोन तपासनीस चढले. त्यांना बघून तिला बरंच वाटलं. अखेर आपल्या धंद्यातली माणसं भेटली. कुणी विचारायच्या आत ती उठली, पुढे झाली, तुकडे दाखवले, घडलं ते सांगितलं, आपणही याच कामात सत्तावीस वर्षं काढल्याचं सांगितलं. थोरल्या तपासनिसाने ऐकून घेतलं असावं असं वाटलं, कारण तो मान हलवत होता. मग त्याने तुकडे उलटे केले आणि पाठीमागच्या मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. फाडलेला पास हा पास नव्हे. एवढं बोलून तो आपल्या जोडीदाराकडे वळला आणि साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “विनातिकीट, दोन.”

समोरच्या बाईने आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

तो शब्द कंडक्टरिणीने स्वतः कितीदा तरी वापरला होता, दुसऱ्यांसाठी. तो असा अंगावर येतो, कान असे तापतात, हे तिला माहीत नव्हतं. पण ती तो शब्द काढण्याआधी म्हणायची, खिसे बघा, सीटखाली बघा, घाई नाही. धुण्यात लगदा झालेली तिकिटं तिने उन्हात धरून वाचली होती. इथे दोन तुकडे शाबूत होते आणि वाचायची तयारी कुणाची नव्हती. तपासनिसाने तिच्या ओळखपत्राचा नंबर टिपून घेतला, चिठ्ठी दिली आणि पुढच्याच थांब्यावरच्या कार्यालयात आजच्या आज हजर व्हायला सांगितलं.

कार्यालयात खुर्च्या होत्या. वन्सं एकीवर टेकल्या आणि म्हणाल्या, चला, या गावात फुकट बसायची जागा एकदाची सापडली. कंडक्टरिणीला हसू आलं नाही.

काचेमागच्या कारकून बाईंचं बोलणं सभ्य होतं. त्यांनी सगळं समजावलं. दोघींचा मिळून पूर्ण दंड इतका. मात्र पहिलाच गुन्हा असेल आणि कबुलीच्या अर्जावर सही केली, तर सवलत, दंड फक्त पावपट. कंडक्टरिणीचं डोकं अशा हिशेबाला सरावलेलं. बाईंचं बोलणं संपायच्या आत तिने दोन्ही आकडे बोटीच्या पैशांपुढे मांडून पाहिले होते. पूर्ण दंड भरला तर बटणाच्या पिशवीत उरेल ती चिल्लर. पावपट भरला तर दुपारी दोनची बोट मिळते.

तिने तक्रारवही मागितली. तक्रार संकेतस्थळावर करायची असते, असं उत्तर आलं. तिने सांगितलं, की आमच्या प्रत्येक बसमध्ये तक्रारवही असायची, दोरीने बांधलेली, पेनासकट, आणि माझ्याविरुद्ध लिहायला मी स्वतः लोकांना ती काढून दिलीय. बाईंनी अर्ज फटीतून पुढे सरकवला.

कंडक्टरिणीने पेन उचललं. वन्संचा चष्मा तळघरातल्या कपाटात राहिला होता, म्हणून त्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. तिने नाव, तारीख, थांबा, रक्कम वाचली आणि थांबली.

“सहीच्या वर एक ओळ दिसतेय,” वन्सं म्हणाल्या. “ती वाच.”

तिने वाचली. ‘मी विनातिकीट प्रवास केला, हे मला मान्य आहे.’

वन्संनी हात पुढे केला आणि तळवा त्या अर्जावर पालथा ठेवला. पोळल्याचे जुने डाग असलेला तो हात ओळीवर आला आणि ओळ झाकली गेली.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या.

“एक ओळ आहे, वन्सं. तुमची बोट मिळतेय त्यात.”

“आणि त्या बोटीत बसून मी बघू काय? दीपगृह, की तुझं उतरलेलं तोंड? ते तर मला घरी फुकट बघायला मिळतं.”

कंडक्टरिणीने सांगून पाहिलं, की चूक माझी, फाडला मी, सकाळी तुम्ही तिकिटं काढायला सांगत होतात तेव्हा हट्टही मीच केला, मग बोट तुमची का जावी. वन्संनी ऐकून घेतलं, पण हात काही उचलला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, की फाडल्याचा दंड असेल तर तो भरू, तिकीट न काढल्याचा भरायचा नाही; आणि कमरेची पिशवी काढून बटण उघडलं.

मग कंडक्टरिणीने पाठ सरळ केली. पूर्ण दंड भरते म्हणाली, पण पावतीवर खरं कारण लिहून द्या. बाईंनी सांगितलं, की यंत्रात कारणं ठरलेली असतात, ‘तिकीट नाही’ आणि ‘चुकीचं तिकीट’. कंडक्टरिणीने विचारलं, की तिसरं काही नाही का. नीट बघा, घाई नाही. मागे रांग वाढत होती, कुणीतरी उसासा टाकला. बाईंनी पडद्यावर खाली खाली बघितलं आणि अगदी तळाला त्यांना एक शब्द सापडला, ‘इतर’. तो घेतला तर सवलत मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. कंडक्टरीण म्हणाली, “चालेल. लिहा. पास होता. प्रवाशाने सवयीने स्वतः फाडला. दोन्ही तुकडे पाहिले.”

बाईंनी टाइप केलं. ‘दोन्ही तुकडे पाहिले’ लिहिण्याआधी त्यांनी तुकडे खरोखर मागून घेतले, काचेवर एकमेकांना लावून पाहिले. पावती देताना तिच्या मागे त्यांनी पेनाने एक पत्ता लिहून दिला. टपालाने आलेल्या तक्रारीलासुद्धा उत्तर द्यावंच लागतं, एवढंच त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढचा नंबर पुकारला.

दोघी बाहेर आल्या. बंदर अजून अकरा थांबे दूर. ट्राममध्ये पाऊल ठेवायचं नाही, यावर दोघींचं न बोलता एकमत झालं. पण वन्संचे गुडघे? तेव्हा त्या शहरातली एक गोष्ट कंडक्टरिणीच्या ध्यानात आली, जी तिच्या वहीत नव्हती. ट्रामच्या थांब्यांवर बाक होते. दांडे नसलेले, वर छप्पर असलेले. थांब्यावर बसलेल्याला कोणी उठवत नाही, कारण तो ट्रामची वाट बघतोय असं सगळे धरून चालतात.

अशा त्या गेल्या. एक टप्पा चालायचं, थांब्यावर बसायचं, पाव खायचा, समोर दिसेल ते बघायचं. तीन दिवसांत दिसलं नव्हतं तेवढं शहर त्या दुपारी दिसलं. पियानो दोरांनी वर चढवणारे हमाल दिसले, एका खिडकीत एकाच मापाचे शंभर बूट घासणारा म्हातारा दिसला, आणि एका बँकेच्या संगमरवरी पायऱ्यांवरून पहारेकऱ्याने उठवलेली एक गरोदर बाई दिसली. तिला कंडक्टरिणीने हाक मारून आपल्या बाकावर बोलावून घेतलं. ती पहारेकऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, या बसा, इथे माणसांना बसू देतात. ट्राम यायची, दारं उघडायची, या दोघी ढिम्म. दारं मिटायची. सातव्या थांब्यावर उघडलेल्या दारात सकाळचा तोच थोरला तपासनीस उभा होता. त्याने ओळखलं. कंडक्टरिणीने नजर वळवली नाही, त्यानेच वळवली. दारं मिटल्यावर तिने जीभ टाळूला लावून दोनदा ठण ठण केलं, बस सोडताना घंटी देतात तसं.

“तू सोडलीस म्हणून गेली बाई ट्राम,” वन्सं म्हणाल्या.

बंदरावर पोचल्या तेव्हा बोट नुकतीच निघाली होती. दोघी तिच्या बाजूने, दगडी बंधाऱ्यावरून शेवटपर्यंत चालत गेल्या. दीपगृह दिसलं, पण लांब, अंगठ्याच्या नखाएवढं. तिथे खांबावर एक दुर्बीण होती आणि तिलाही अर्थातच नाण्याची फट. कंडक्टरीण म्हणाली, यांचं चाललं तर समुद्रालाही फट पाडतील. पण बटणाच्या पिशवीतली चिल्लर तिनेच काढून आत टाकली.

वन्सं वाकल्या. डोळा काचेला लावला. कंडक्टरिणीने मनात आकडे मोजायला घेतले. नव्वदच्या सुमाराला दुर्बिणीत खट्ट झालं आणि पडदा पडला. वन्संनी डोळा हलवला नाही, अंधारातच बघत राहिल्या.

“रंग उडालाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “तांबडा तर पार गेलाय. ते असते तर चिडले असते. एवढे पैसे घेतात आणि रंगवत नाहीत म्हणजे काय.”

त्या ताठ झाल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. पण त्यांना रागही आला होता, चांगलाच. सबंध तीन दिवसांत पहिल्यांदाच. तो मऊ आवाज तसाच होता, पण त्यांनी दुर्बिणीला हाताने एक चापट मारली. ते बघून कंडक्टरिणीच्या छातीवरचं ओझं का कोण जाणे थोडं हललं.

संध्याकाळच्या आगगाडीत बसताना वन्संनी आधी परतीची दोन्ही तिकिटं मागून घेतली. तुझ्या हातांचा भरवसा नाही म्हणाल्या. कंडक्टरिणीने वाटेत वहीची कोरी पानं काढली आणि तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. दांडे ठोकलेल्या बाकांपासून सुरुवात केली, मग ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं. पाच पानं झाली. दीपगृहाच्या रंगाचं कलम वन्संनी सांगितलं, ते सहावं पान.

सकाळी आपल्या गावच्या स्टेशनात उतरल्यावर वन्संनी पिशवीतून तिकिटं काढली आणि तिच्यापुढे धरली. “घे. आता फाड पोटभर.”

तिने तिकिटं घेतली. बोटं सवयीने कडेला गेली, आणि थांबली.

“नको,” ती म्हणाली. “अर्जाला जोडायची आहेत.”

तिने ती पावतीच्या घडीत ठेवली, पासच्या दोन तुकड्यांशेजारी, आणि टपाल कचेरी किती वाजता उघडते ते तिथल्या हमालाला विचारायला गेली.